गॅमा-खगोलशास्त्राचे नियोजन : यादी नको, क्रम हवा

लडाखमधील हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२७० मीटर उंचीवर उभारलेल्या 'मेस' या दुर्बिणीचे ४ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले. तिच्या प्रकाशसंग्राहक तबकडीचा व्यास २१ मीटर आहे. या जातीच्या दुर्बिणींत आशिया खंडात तिच्याएवढी मोठी दुसरी नाही आणि एवढ्या उंचीवर बसविलेली जगात दुसरी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने ती योजिली व हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने अन्य भारतीय उद्योगांच्या साहाय्याने ती घडविली. देशी कर्तबगारीचा गौरव झाला, तो योग्यच होता. परंतु गौरवाच्या गजरात एक प्रश्न मागे पडला आणि तो प्रश्न अभिमानाचा नसून नियोजनाचा आहे. अशी दुर्बीण कल्पनेपासून निरीक्षणापर्यंत यावयास दीड-दोन दशके लागतात. तिच्यानंतर काय, हे आजच ठरविले नाही तर ते ठरविण्याची वेळ येईल तेव्हा यंत्र जुने झालेले असेल आणि ते चालविणारे हात निवृत्त झालेले असतील.

जगभरचा गॅमा-खगोलशास्त्रज्ञांचा समुदाय सध्या नेमक्या याच विचारात आहे. युरोपने आपल्या सहकारी राष्ट्रांसह 'चेरेन्कोव्ह टेलिस्कोप ॲरे' ही वेधशाळा उभारण्यास घेतली असून स्पेनच्या ला पाल्मा बेटावर १३ आणि चिलीच्या वाळवंटात ५१ अशा एकूण ६४ दुर्बिणींचा पहिल्या टप्प्याचा आराखडा आहे. जानेवारी २०२५ मध्ये या वेधशाळेला युरोपीय कायद्यानुसार स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला. चीनने सिचुआन प्रांतात ४,४१० मीटर उंचीवर, एक चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रावर शोधकांचे जाळे अंथरले आणि २०२१ मध्ये दृश्य प्रकाशाच्या एका कणाहून सुमारे सात कोटी गुणिले एक कोटी पट ऊर्जेचा गॅमा कण नोंदविल्याचे जाहीर केले. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २०३५ पर्यंतच्या महाविज्ञान प्रकल्पांचा विचार करविला असून त्यात खगोलशास्त्राचा समावेश आहे. म्हणजे आराखड्यांची वाण नाही. वाण आहे ती दुसऱ्याच एका गोष्टीची.

मगनवाडीचा प्रश्न

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात हा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ज्या आठ तालुक्यांचे अर्थकारण कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या भावावर हेलकावे खाते, तेथील करदात्याच्या पैशातून लक्षावधी प्रकाशवर्षे दूरच्या कृष्णविवराचे निरीक्षण कशासाठी? हा आक्षेप अडाणीपणाचा नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, तेव्हा लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेल्या जे. सी. कुमारप्पांनी प्रत्येक उद्योगाला हाच प्रश्न विचारण्याची शिस्त लावली होती : यातून कोणाला काय मिळते, आणि जे वापरले जाते ते पुन्हा भरून येते काय? ज्या भूमीने अर्थशास्त्राला ही कसोटी दिली तेथे दुर्बिणीचीही सुटका होण्याचे कारण नाही.

या आक्षेपाला विज्ञानाचे वकील बहुधा चुकीचे उत्तर देतात. दुर्बिणीच्या संशोधनातून उद्या रुग्णालयातील यंत्रे निघतील, नवे इलेक्ट्रॉनिक भाग तयार होतील, असे ते सांगतात. निघतीलही. परंतु रुग्णालयासाठी यंत्रे हवी असतील तर त्याच पैशातून थेट तीच तयार करणे स्वस्त पडेल, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते. खरे उत्तर दोन भागांचे आहे. पहिला भाग हिशेबाचा. भारताचा संशोधन व विकासावरील संपूर्ण खर्च, म्हणजे शेती, औषधे, संरक्षण, अणुऊर्जा, अवकाश सारे धरून, २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. गॅमा-खगोलशास्त्राचा वाटा हा त्या लहानशा वाट्याचा एक अत्यल्प तुकडा. तो उद्या शून्यावर आणला तरी कापसाच्या क्विंटलमागे एक रुपयाही वाढणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. त्या एका निर्णयाचा हिंगणघाटच्या बाजाराशी जो संबंध पोहोचतो तसा कोणत्याही दुर्बिणीचा पोहोचत नाही. शेतकऱ्याचा कैवार दुर्बिणीविरुद्ध घेतला की खऱ्या प्रतिवादीची आपोआप सुटका होते.

उत्तराचा दुसरा भाग कुमारप्पांच्याच कसोटीतून येतो. ज्ञान ही वापराने न संपणारी वस्तू आहे. एकाने ते घेतले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. म्हणूनच त्याला बाजारात किंमत येत नाही, आणि म्हणूनच ते समाजाच्या पैशातून निर्माण करावे लागते. मात्र हाच युक्तिवाद उलटाही लागू पडतो. जे समाजाच्या पैशातून झाले ते समाजाला उपलब्धही असले पाहिजे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

केराच्या डब्यापासून हानलेपर्यंत

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, केवळ अतिशय तीव्र ऊर्जेचा. स्फोट पावलेले तारे, वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे, दीर्घिकांच्या केंद्रातील कृष्णविवरे यांच्या परिसरात तो निर्माण होतो. आपले वातावरण त्याला जमिनीपर्यंत येऊ देत नाही, आणि जीवसृष्टीच्या दृष्टीने ते बरेच आहे. तथापि वातावरणात शिरताच तो कण फुटतो, त्यातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी निघते, तिच्यापासून पुन्हा गॅमा कण, पुन्हा जोड्या, असा कणांचा वर्षाव सुरू होतो. या वर्षावाचे गणित १९३७ मध्ये ज्या दोघांनी मांडले त्यांपैकी एक होते होमी भाभा, दुसरे वॉल्टर हाइट्लर. वर्षावातील कण हवेतून जाताना निळसर प्रकाशाची एक लहर निर्माण करतात. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते आणि जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरते. या वर्तुळात आरसा ठेवून ती लहर टिपावयाची, हे या शास्त्राचे सारे तंत्र.

ही लहर प्रथम टिपली गेली ती इंग्लंडमध्ये. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात गॅलब्रेथ आणि जेली यांनी केराचा एक डबा, त्यात बसविलेला लहानसा आरसा आणि प्रकाश मोजणारी एक नळी एवढेच साहित्य वापरले होते. या शास्त्राचा जन्म स्वस्ताईत झालेला आहे, हे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांनी अधूनमधून आठवावे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उटकमंडला १९६९ च्या सुमारास हे काम हाती घेतले. स्पंदतारे नुकतेच सापडले होते आणि त्यांच्यापासून गॅमा किरण येतात काय, हा जगापुढील ताजा प्रश्न होता. १९८० च्या दशकात हे काम पचमढीला आले. विदर्भाला पचमढी परकी नाही. जुन्या मध्यप्रांताची ती उन्हाळी राजधानी. महाशिवरात्रीला महादेवासाठी आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारासाठी विदर्भातून आजही माणसे तेथे जातात. त्या सातपुड्याच्या पठारावर, सुमारे १,०७५ मीटर उंचीवर, पुढे पंचवीस दुर्बिणींचे एक शिस्तबद्ध जाळे उभे राहिले. महादेवाच्या वाटेवरच्या किती भाविकांना त्याची वार्ता असेल, हा भाग निराळा. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याच सुमारास अबूच्या पहाडावर 'टॅक्टिक' ही दुर्बीण उभारली. परंतु पचमढीचे पावसाळी ढग आणि अबूची मर्यादित उंची या अडचणी होत्याच. २००८ पासून हानले येथे सात दुर्बिणींचे 'हगार' हे जाळे काम करू लागले आणि त्याच्या शेजारी 'मेस' उभी राहिली. एक गंमतीची गोष्ट अशी की वर्धा, पचमढी आणि हानले ही तिन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. हानलेची मध्यरात्र ती वर्ध्याचीही मध्यरात्र.

या इतिहासातून नियोजनकाराने एक धडा घ्यावयाचा आहे. १९६९ ते १९८९ अशी वीस वर्षे या क्षेत्राला जमिनीवरून पाहिलेला, सर्वांना मान्य होईल असा एकही स्रोत मिळाला नव्हता. भारतालाच नव्हे, जगात कोणालाच नव्हता. सिग्नस एक्स-३ सारख्या स्रोताबद्दल १९८० च्या दशकात मोठमोठे दावे झाले आणि विरून गेले. अखेर १९८९ मध्ये ॲरिझोनातील व्हिपल वेधशाळेने खेकडा तेजोमेघाकडून येणारे गॅमा किरण निर्विवादपणे दाखविले. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी पाहिलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष आज या शास्त्राचे वजनमाप बनला आहे. नवी दुर्बीण झाली की प्रथम ती त्याच्याकडे रोखतात. जमिनीवरून नोंदलेल्या अशा स्रोतांची संख्या आज दोनशेच्या पुढे आहे. उपग्रहांची प्रगती तर याहून वेगवान. १९९१ ते २००० या काळातील कॉम्प्टन उपग्रहाच्या 'एग्रेट' उपकरणाच्या सूचीत २७१ स्रोत होते, तर २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहाच्या सूचीत सात हजारांहून अधिक आहेत. वीस वर्षांच्या रित्या ओंजळीनंतर हे पीक आले. दरवर्षी फळ मोजणाऱ्या खात्याच्या हाती हे शास्त्र असते तर ते १९७५ मध्येच बंद पडले असते.

विलंबाची किंमत

धीर धरणे आणि दिरंगाई करणे यांत मात्र फरक आहे, आणि आपल्याकडे दुसरीला पहिल्याचे नाव देण्याची सवय आहे. नामिबियातील 'हेस' २००४ पर्यंत चार दुर्बिणींनिशी पूर्ण झाली. ला पाल्मावरील 'मॅजिक'ची पहिली दुर्बीण २००४ मध्ये व दुसरी २००९ मध्ये काम करू लागली. ॲरिझोनातील 'व्हेरिटास' २००७ मध्ये. या क्षेत्रातील सोपे, तेजस्वी आणि पहिल्यांदाच सापडणारे स्रोत याच दशकात टिपले गेले. 'मेस'ने पहिली निरीक्षणे घेतली तेव्हा २०२१ उजाडले होते. लडाखची थंडी, विरळ हवा, वर्षातून मोजकेच महिने चालणारे बांधकाम, अनेक भाग देशातच घडविण्याचा आग्रह, ही कारणे खरी आहेत आणि अभियंत्यांच्या चिकाटीला उणे लेखण्याचे कारण नाही. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने विलंब ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. ज्या दुर्बिणीने २०११ मध्ये पन्नास नवे स्रोत शोधले असते तीच २०२१ मध्ये दुसऱ्यांनी शोधलेल्या स्रोतांची फेरतपासणी करीत बसते. अंदाजपत्रकात हा तोटा कोठेच दिसत नाही, म्हणून तो झालाच नाही असे समजले जाते.

मग यापुढे काय करावयाचे? येथे रिकार्डोचे तुलनात्मक लाभाचे तत्त्व उपयोगी पडते. प्रत्येक देशाने सर्व काही करू नये, ज्यात त्याची निसर्गदत्त अनुकूलता अधिक ते करावे. भारताची अनुकूलता पैशात नाही, दुर्बिणींच्या संख्येतही नाही. ती हानलेच्या उंचीत, तेथील कोरड्या काळोखात आणि रेखांशात आहे. उंचीमुळे कमी ऊर्जेचे गॅमा किरणही पकडता येतात. काळोख टिकविण्यासाठी त्या परिसरात कृत्रिम प्रकाशावर नियंत्रण ठेवणारा राखीव प्रदेशही घोषित झाला आहे. रेखांशाचे महत्त्व तर सर्वांत मोठे. ॲरिझोनात भर दुपार असते तेव्हा हानलेत रात्र असते आणि ला पाल्माच्या साडेसहा तास आधी ती सुरू होते. कृष्णविवराजवळचा उद्रेक कधी कधी काही तासांत संपतो. तो युरोपच्या संध्याकाळची वाट पाहत थांबत नाही.

या निकषावर पाहिले तर भारतीय समुदायापुढील पर्यायांचा क्रम लावता येतो. हानलेला दुसरी 'मेस' बांधावी, हा पर्याय पहिला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, दोन डोळ्यांनी येतो. एकाच कणवर्षावाकडे दोन दुर्बिणींनी पाहिले तर त्याची दिशा आणि ऊर्जा कितीतरी अचूक कळते. 'मॅजिक'ने दुसरी दुर्बीण जोडल्यावर तिच्या क्षमतेत पडलेला फरक सर्वांनी पाहिला आहे. पहिली बांधताना मिळालेले कौशल्य, साचे आणि कारागीर अद्याप उपलब्ध आहेत. दहा वर्षांनी ते असणार नाहीत. दुसरीचा खर्च आणि वेळ पहिलीहून कमी असला पाहिजे, ही अट मंजुरीतच घालता येईल.

दुसरा पर्याय युरोपीय वेधशाळेत भागीदारी करण्याचा. तिच्या आखणीच्या काळात भारतीय संस्थांतील शास्त्रज्ञांनी भाग घेतला होता, परंतु २०२५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या संस्थापक सदस्यांत भारताचे नाव नाही. पूर्ण सदस्यत्वाचा खर्च आज झेपणारा आहे काय, याबद्दल मतभेद होऊ शकतात. परंतु उपकरणांच्या रूपाने थोडा वाटा उचलून निरीक्षणाच्या काही वेळेवर हक्क मिळविणे हा मधला मार्ग आहे. तो दुसऱ्या 'मेस'ला पर्याय म्हणून नव्हे, तिच्यानंतर घ्यावा.

हिंगोलीची दुसरी बाजू

तिसरा मुद्दा आकाशातील उपग्रहाचा, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा आहे. यवतमाळला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, ती २,६०० कोटी रुपयांची. तिच्या भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. गुरुत्वीय लहरींचा गॅमा किरणांशी संबंध काय, हे १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेने दाखवून दिले. त्या दिवशी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी अमेरिका व युरोपमधील वेधशाळांनी टिपल्या, आणि त्यानंतर अवघ्या १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा एक लहानसा स्फोट नोंदविला. पुढील काही आठवडे जगभरच्या दुर्बिणी त्या एका बिंदूकडे लागल्या होत्या. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत निर्माण होतात, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. सराफ्यात भावाची चौकशी करणाऱ्याला ही माहिती उपयोगाची नाही, पण त्याच्या हातातील वस्तूचे मूळ खाणीत नव्हे तर अशा अपघातात आहे.

भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ पासून आकाशात असून त्याच्या उपकरणाने असे शेकडो स्फोट नोंदविले आहेत. त्या उपकरणाच्या नोंदींचे काम पुण्याच्या 'आयुका'त चालते. परंतु १७ ऑगस्टच्या त्या क्षणी ॲस्ट्रोसॅट आणि ती टक्कर यांच्यामध्ये पृथ्वी आडवी आली होती. ही उणीव ओळखूनच मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने 'दक्ष' ही योजना मांडण्यात आली. एकच उपग्रह न पाठवता पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना राहतील असे दोन जुळे उपग्रह सोडावेत, म्हणजे आकाशाचा कोणताही भाग झाकला जाणार नाही, ही त्यातील साधी व चतुर कल्पना. २००४ मध्ये सोडलेला स्विफ्ट आणि २००८ मध्ये सोडलेला फर्मी हे दोन्ही उपग्रह ठरलेल्या आयुष्यापेक्षा कितीतरी अधिक जगले आहेत. हिंगोलीची वेधशाळा काम करू लागेल तेव्हा ते असतीलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. २,६०० कोटींचा कान तयार करावयाचा आणि त्याच्या जोडीचा डोळा मंजुरीच्या रांगेत ठेवावयाचा, हा व्यवहार कोणत्याही घरखर्चात मूर्खपणाचा ठरला असता.

असे होते याचे कारण शास्त्रज्ञांची उदासीनता नव्हे. कारण खात्यांच्या रचनेत आहे. टाटा संस्था व भाभा केंद्र अणुऊर्जा खात्याकडे, बंगळूरची खगोलभौतिकी संस्था विज्ञान व तंत्रज्ञान खात्याकडे, उपग्रह अवकाश खात्याकडे आणि 'आयुका' विद्यापीठ अनुदान आयोगाकडे. चार दारे आणि चार अंदाजपत्रके. प्रत्येक दारातून स्वतंत्र प्रस्ताव जातो, प्रत्येकाची गुणवत्ता स्वतंत्रपणे तपासली जाते आणि एकाचा उशीर दुसऱ्याला किती महागात पडेल हे कोणीच मोजत नाही. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ एकत्र बसून प्रकल्पांचा प्राधान्यक्रम ठरवितात आणि तो प्रसिद्ध करतात. ज्याचा प्रकल्प खाली जातो तो हळहळतो, पण बहुधा क्रम मानतो. आपल्याकडील आराखड्यांत कोणालाच दुखवायचे नसल्यामुळे सर्वांचे सर्व प्रकल्प सामावून घेतले जातात. अशा दस्तऐवजाला यादी म्हणावे. योजना म्हणजे काय आधी, काय नंतर आणि काय नाही, हे सांगण्याचे धैर्य.

माणसे कोठून येणार?

राहिला माणसांचा प्रश्न. या क्षेत्रात एका यंत्राचा काळ आणि एका माणसाच्या उमेदीचा काळ जवळजवळ सारखाच असतो. आज हिंगणघाट किंवा आर्वी येथे अकरावी विज्ञानात बसलेला विद्यार्थी धरावा. उच्च माध्यमिकची दोन वर्षे, पदवीची तीन-चार, पदव्युत्तर दोन, संशोधनाची पाच. म्हणजे बारा-तेरा वर्षांनी तो स्वतंत्रपणे निरीक्षण करू शकेल. दुसरी 'मेस' आज मंजूर झाली तर तीही साधारण तेव्हाच तयार होईल. याचा अर्थ दुर्बिणीची पायाभरणी आणि तिच्या शास्त्रज्ञाची अकरावी एकाच वर्षी सुरू व्हावी लागते. दुर्बिणीसाठी निविदा निघतात. त्या विद्यार्थ्यासाठी काहीच निघत नाही.

त्याला पदार्थविज्ञान शिकविणारा शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. नियमित जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, प्रयोगशाळा परीक्षेपुरत्या उघडतात आणि संशोधन हे पुण्या-मुंबईला चालणारे काम आहे, अशी समजूत शिक्षकाची आणि विद्यार्थ्याची सारखीच असते. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली 'आयुका'ची स्थापना झाली ती याच समजुतीला छेद देण्यासाठी. विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांनी यावे, राहावे, साधने वापरावीत आणि परत जाऊन आपल्या गावी काम करावे, अशी ती रचना होती व आहे. भारतीय विज्ञानसंस्थांच्या इतिहासात इतका लोकशाही विचार क्वचितच झाला असेल. पण तीन-चार सलग महिने रजा मिळण्याची सोय नसलेल्या, दर सत्राला नव्या नेमणूकपत्राची वाट पाहणाऱ्या अध्यापकाला ते दार उघडे असून नसल्यासारखेच.

येथे ज्ञानाच्या सार्वजनिक मालकीचा मघाचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. कोणत्याही नव्या भारतीय गॅमा प्रकल्पाच्या मंजुरीत दोन कलमे असली पाहिजेत. ठरावीक मुदतीनंतर सर्व निरीक्षणे खुली करावीत, हे पहिले. प्रकल्पखर्चाचा एक निश्चित भाग, मग तो दोन टक्के का असेना, महाविद्यालयीन अध्यापकांच्या बदली नेमणुका आणि विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी राखावा, हे दुसरे. पहिल्या कलमाला पैसा जवळजवळ लागत नाही. दुसऱ्याला लागतो, पण पोलाद आणि काचेच्या मानाने तो किरकोळ आहे. नागपूर विद्यापीठाच्या कक्षेतील एका महाविद्यालयातून पाच वर्षांत एक विद्यार्थी या क्षेत्रात गेला तरी तो खर्च वसूल झाला असे समजावयास हरकत नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे, हे फर्मीच्या उदाहरणावरून दिसते. त्या उपग्रहाची निरीक्षणे पहिल्या वर्षानंतर कोणालाही विनामूल्य मिळू लागली. ती उतरवून घेण्यास परवाना लागत नाही, शिफारसपत्र लागत नाही. एक साधारण संगणक, इंटरनेटची जोडणी आणि ती वाचावयास शिकविणारा एक अध्यापक एवढे पुरते. त्याच्या सूचीतील सात हजारांवर स्रोतांपैकी सुमारे एक तृतीयांश स्रोत नेमके कशाचे आहेत, हे अद्याप कोणालाही ठरविता आलेले नाही.